काळ्या पडद्यामागची अकरा नावं

सेन्योंगने सातव्यांदा बटण दाबलं. आतला पंखा फिरला, पुढचा निळा दिवा लागला, आणि पडदा काळाच्या काळाच राहिला. त्याने मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजले. मग आणखी वीस. काही नाही.

"झालं का?" दारातून नोंग एफ्रेनने विचारलं.

"झालं असतं तर मी असा बसलो असतो का?" सेन्योंग मागे न बघताच म्हणाला.

सोमवारचे सव्वानऊ वाजले होते. पुंता बांतिगेच्या कोळ्यांच्या संस्थेचं रेडिओ केंद्र जेट्टीजवळच्या बर्फाच्या गोदामावर होतं. दोन खोल्या, एक माईक, छपरावर गंजत चाललेला मनोरा आणि हा एकुलता एक कॉम्प्युटर. केंद्राचा कारभार नोंग एफ्रेन, म्हणजे सगळ्यांचा एफ्रेनदादा, बघायचा. माईकवर मानांग सोलिंग, म्हणजे गावाची सोलिंगताई, बोलायची, तेही गेली बावीस वर्षं. आणि बिघडलेलं सगळं सेन्योंग दुरुस्त करायचा. तो काही शिकलेला इंजिनियर नव्हता. गावातली कराओकेची यंत्रं, होड्यांचे दिवे, पाण्याचे पंप उघडून उघडूनच त्याचा हात बसला होता. गावात असं काही नाही जे सेन्योंगला उघडता येत नाही, असं लोक म्हणायचे, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी त्यालाही ते खरं वाटू लागलं होतं.

एरवी कॉम्प्युटर बंद पडला असता तर गाणी वाजली नसती, एवढंच. आज तसं नव्हतं. डॉक्टरांचं जहाज संध्याकाळी जेट्टीला लागणार होतं. तीन वर्षांतून एकदा यायचं ते. जन्मतः ओठ फाटलेल्या मुलांची ऑपरेशनं उद्या सकाळपासून त्या जहाजावरच होणार होती. मार्चमध्ये नर्स पेर्ला बेटाबेटांवर फिरून चाळीस मुलांची नावं घेऊन गेली होती. त्यातली अकरा निवडली गेली. ती अकरा नावं तिने शनिवारी दुपारी फोनवर सांगितली, मानांग सोलिंगने कॉम्प्युटरमध्ये उतरवली, आणि नर्स पुढच्या बेटाकडे रवाना झाली. तिथे फोन लागत नाही. बेटांवरही लागत नाही. बेटांवरचे लोक बॅटरी जपत दुपारी बारा ते साडेबारा रेडिओ लावतात, निरोप ऐकतात आणि बंद करतात. कोणाची आई आजारी आहे, कोणाचा मुलगा मनिलाहून येतोय, सगळं त्या अर्ध्या तासात. म्हणजे बाराला नावं वाचली, तर आया मुलांना घेऊन होडीत बसणार. नाही वाचली, तर पुन्हा तीन वर्षांनी.

"कागदावर कुठे लिहून नाही ठेवलीस?" नोंग एफ्रेनने सोलिंगला विचारलं.

मानांग सोलिंग खिडकीपाशी हाताची घडी घालून उभी होती. "लिहीत होते की. बावीस वर्षं चिठ्ठ्याच लिहीत होते. गेल्या महिन्यात या साहेबांनी सांगितलं, मानांग, चिठ्ठ्या हरवतात, थेट कॉम्प्युटरमध्येच टाइप करत जा. केलं टाइप."

सेन्योंगने स्क्रू फिरवायचं नाटक केलं. शब्दन् शब्द खरा होता.

त्याने पडद्याची वायर बदलली. गोदामातला जुना पडदा वर आणून लावून पाहिला, तोही काळा. मग कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडली. आतून यंत्र नव्यासारखं लखलखत होतं, कारण शनिवारी दुपारी नावं उतरवून झाल्यावर त्याने ते साफ केलं होतं. खारट हवेने आत पांढरा थर धरला होता, पालींच्या लेंड्या साठल्या होत्या. त्याने पंखा काढून पुसला, त्याच्या खालचा, चिप थंड ठेवणारा लेप नवा लावला आणि सगळ्या वायरींच्या जुड्या करून पांढऱ्या प्लास्टिकच्या बंदांनी बांधून टाकल्या. नोंग एफ्रेन तेव्हा म्हणालाही होता, "एखाद्या नवरीच्या वेणीसारखं केलंस रे." शेवटचा बंद आवळला आणि गावातली वीज गेली. सेन्योंगला पुतण्याच्या मुलाच्या बारशाला जायचं होतं. डबा लावून, चालू करून न बघताच तो निघून गेला होता.

हे त्याला आठवत नव्हतं असं नाही. पण आठवलं की तो लगेच दुसरीकडे बघत होता.

रॅम काढली, सोलिंगच्या खोडरबरने तिच्या सोनेरी कडा घासल्या, परत बसवली. पंखा, दिवा, काळोख. दोन्ही रॅम आलटून पालटून लावल्या. तेच. बटणाएवढी बॅटरी काढून पाच मिनिटं हातात धरून बसला, आणि ती पाच मिनिटं त्याला मासळीबाजारातल्या रांगेपेक्षा लांब वाटली. परत लावली. पंखा, दिवा, काळोख. यंत्र पूर्ण मेलं असतं तरी चाललं असतं, निदान काय झालंय ते कळलं असतं. हे मात्र जिवंत असल्यासारखं गुरगुरत होतं आणि तोंडातून अवाक्षर काढत नव्हतं. त्याने डब्यावर थाप मारली. मग आणखी एक, जरा जोरात.

"मारून सुरू होणार आहे का ते?" सोलिंग म्हणाली.

"मानांग, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"बसते. बाराला इथेच यायचंय मला. तोवर तुझं आटप."

ती वळली तेव्हा सेन्योंगची नजर टेबलावर गेली. डब्याच्या शेजारी कॉफीच्या पेल्याचा तपकिरी गोल डाग होता. कधीचा होता देव जाणे. पण साडेदहा वाजले होते, पाठ घामाने चिंब झाली होती आणि नोंग एफ्रेन दर दहा मिनिटांनी दारात येऊन नुसता उसासा टाकत होता.

"इथे कॉफी सांडलीय," सेन्योंग मोठ्याने म्हणाला. "आत गेली असणार. कॉफी आत गेल्यावर मी तरी काय करू?"

नोंग एफ्रेन आत आला. डागाकडे पाहिलं, मग सोलिंगकडे. "सोलिंग, किती वेळा सांगितलंय, पेला इथे आणू नकोस म्हणून. आता त्या लेकरांचं काय करायचं? तू सांग."

मानांग सोलिंगचा चेहरा एकदम उतरला. एरवी बोलण्यात कोणाला हार न जाणारी बाई ती. "शनिवारी नावं टाइप केली तेव्हा चालू होता," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यानंतर मी इथे पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही. आणि मी कधी सांडत नाही."

"सांडलेलं कळतंच असं नाही," सेन्योंग म्हणाला. म्हणताना ते त्यालाच पटलं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं होतं.

ती मागच्या गॅलरीत जाऊन बसली.

मग त्याला सुचलं, हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तर नावं मिळतील. हे आधीच सुचायला हवं होतं. डिस्क शर्टाच्या खिशात घालून तो ट्रायसिकल-रिक्षाने शाळेकडे धावला. गावात तेवढीच एक जागा उरली होती. नेटचं दुकान बंद पडून दोन वर्षं झाली होती, आणि संस्थेचा लॅपटॉप खजिनदाराबरोबर इलोइलोला गेला होता. शाळेच्या फाटकाशी रखवालदार पंख्याने वारा घेत बसला होता.

"कॉम्प्युटरची खोली उघडून द्या. लेकरांच्या ऑपरेशनचं काम आहे."

"किल्ली मुख्याध्यापिकाबाईंकडे."

"त्या कुठेत?"

"मीटिंगला गेल्यात. शहरात."

"आणि किल्ली?"

"ती पण मीटिंगला गेलीय. पर्समध्ये असते त्यांच्या."

खिडकीच्या काचेतून आतले बारा कॉम्प्युटर ओळीने झाकण घालून बसलेले दिसत होते. सेन्योंग गज धरून त्यांच्याकडे बघत राहिला. कुलूप तोडायचा विचार एकदा मनात येऊन गेला. रखवालदाराच्याही तो लक्षात आला असावा, कारण त्याने काठी जवळ ओढली.

परत आला तेव्हा पावणेबारा झाले होते. त्याने डिस्क पुन्हा बसवली. सोलिंग माईकसमोर बसली होती आणि एका वहीच्या पानावर काहीतरी आठवून आठवून लिहीत होती.

"किती आठवली?" नोंग एफ्रेनने विचारलं.

"आठ. थांबा, नऊ. तो सुताराचा नातू. पण अजून दोन आहेत, ती काही केल्या येत नाहीत."

"मग असं सांग ना, मार्चमध्ये ज्यांनी नावं दिली त्या सगळ्यांनी या."

"चाळीस बाया लेकरं कडेवर घेऊन समुद्र ओलांडून येतील, नोंग. एकोणतीस जणींना जेट्टीवरून परत कोण पाठवणार? तुम्ही?"

नोंग एफ्रेन पुन्हा दारात जाऊन उभा राहिला.

"टोटो, तो तुझा डबा उचल इथून," धाकट्या भावाला मारायची ती हाक मारून, पण सेन्योंगकडे न बघता ती म्हणाली. "माझा लाल दिवा लागायची वेळ झाली. खडखड नको मला."

सेन्योंगने डबा, पडदा आणि वायरींचं भेंडोळं छातीशी धरून मागच्या गॅलरीत नेलं. खोलीत एकच पिवळट दिवा होता, इथे लख्ख ऊन होतं. त्याने डबा आडवा केला आणि त्याच्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला. आतून, भिंतीवरच्या कर्ण्यातून सोलिंगचा आवाज येऊ लागला. सावकाश, प्रत्येक नाव दोनदा, बेटाच्या नावासकट. तिने नऊ नावं वाचली. मग म्हणाली, "आणखी दोन मुलं आहेत. त्यांची नावं मिळाली की सांगते. मिळेपर्यंत कोणी रेडिओ बंद करू नका, हात जोडते." आणि पुन्हा पहिल्यापासून ती नऊ नावं.

सेन्योंगला ते ऐकवेना. त्याने पुन्हा एकेक वायर बोटाने चाचपायला सुरुवात केली. कोणती कुठून निघाली, कुठे गेली. हे काम त्याने सकाळपासून तीनदा केलं होतं, पण दरवेळी दोन टोकांना पोचलेल्या वायरीच मोजल्या होत्या. आता उन्हात, डबा आडवा असताना, पंख्याच्या मागच्या जुडीत त्याला काहीतरी चौकोनी दिसलं. चार भोकांचा छोटा काळा प्लग. दोन पिवळ्या वायरी, दोन काळ्या. तो कशालाच लावलेला नव्हता. जुडीत दुमडून, पांढऱ्या बंदाखाली व्यवस्थित आवळून बसवलेला होता.

शनिवारी पंखा काढताना त्यानेच तो उपसला होता. मुख्य चिपला वीज देणारा प्लग. तो लावायच्या ऐवजी त्याने इतर वायरींबरोबर बांधून टाकला होता, दिसायला छान दिसावं म्हणून.

त्याने कात्रीने बंद कापला. घाईत कात्री घसरून अंगठ्याला लागली. प्लग जागेवर दाबला तेव्हा बारीक टक असा आवाज झाला. पडद्याची वायर लावली, पण गॅलरीत वीज घ्यायला सॉकेटच नव्हतं, म्हणून खालच्या गोदामातून वाढीव वायर आणायला धावला. गोदामवाला बर्फ फोडत होता, त्याला ओरडून सांगावं लागलं, मग वायर सापडेना, मग सापडली तर तिचं टोक मोडलेलं. ते जुळवून वर येईपर्यंत कर्ण्यातून गाणं सुरू झालं होतं. बारा पस्तीस.

बटण दाबलं. पंखा, दिवा. आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

फाईल उघडायला आणखी चार मिनिटं गेली. दहावं नाव जेट्टीजवळच्याच एका मुलीचं होतं. ते ऐकून नोंग एफ्रेन खाली धावला, तिची मावशी बाजारात खेकडे विकते. अकरावं नाव होतं जोमार, वय चार, बिनालुआन बेट.

सोलिंगने गाणं थांबवून लगेच ते नाव वाचलं. तीनदा. मग माईक बंद करून म्हणाली, "बिनालुआनला आता एकही रेडिओ चालू नसणार."

"काय झालं होतं रे त्याला?" नोंग एफ्रेनने धापा टाकत परत येऊन विचारलं.

"एक वायर सैल झाली होती," सेन्योंग म्हणाला.

सोलिंगने त्याच्याकडे पाहिलं. तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

"मी आणतो त्याला," तो म्हणाला.

"तू? तुला तर जेट्टीवरच मळमळतं."

"क्रिसांतोची होडी आहे."

क्रिसांतो त्याचा मेव्हणा; दोघं एकमेकांना बायाव म्हणायचे. तो भात आणि सुकी मासळी खात बसला होता, त्याला ताटावरूनच उठवला. एकला होडी निघाली. वारा समोरून होता. होडीचे दोन्ही बाजूंचे बांबूचे पंख पाण्यात बुडत होते आणि वर येत होते, आणि सेन्योंग अर्धा वेळ कठड्यावरून वाकलेला होता. क्रिसांतोला त्याची दया आली नाही.

"बायाव, एरवी मला सांगतोस, इंजिन असं ठेव, तसं ठेव. आता तुझं इंजिन बघ."

"गप्प चालव."

सव्वातीनला बिनालुआन आलं. वीस-बावीस घरं, नारळ, वाळूवर पालथ्या होड्या. जोमारची आई नेनिता घरी नव्हती. ओहोटीच्या चिखलात शिंपले वेचायला गेली होती. सेन्योंग गुडघाभर चिखल तुडवत तिच्यापर्यंत पोचला. पाठीला बांधलेलं पोर अनोळखी माणूस बघून तिच्या मानेत तोंड खुपसू लागलं.

"तुमच्या मुलाचं नाव यादीत आहे. जहाज आज संध्याकाळी लागतंय. चला."

नेनिता वाकलेली होती ती सरळ झाली. "मी ऐकला रेडिओ. नऊ नावं होती. दोनदा ऐकली. आमचं नव्हतं."

"आणखी दोन सांगणार होते. रेडिओ बंद करू नका म्हणाली होती बाई."

"बॅटरी संपत आली होती. आवाज घरघरत होता, नावांच्या मधलं बोलणं काही कळलं नाही." तिने टोपली खाली ठेवली. "मागच्या वेळीही नाव नव्हतं. म्हणून म्हटलं, जाऊ दे. त्याला समजत नाही, पण मी त्याला काल सांगून ठेवलं होतं, नाव येईल म्हणून."

सेन्योंगला तिथून पळून जावंसं वाटलं, पण चिखलातून पळता येत नाही. "नाव होतं," तो म्हणाला. "कॉम्प्युटरमध्ये होतं. तो शनिवारी मी साफ केला आणि एक प्लग लावायचा विसरलो. म्हणून सुरूच झाला नाही. आज सकाळभर मला ते दिसलं नाही. चूक माझी आहे."

 ती चिडेल, शिव्या देईल, म्हणून त्याने मनाची तयारी केली होती.

"मग आता उभे काय राहिलात?" ती म्हणाली. "टोपली धरा."

घरी जाऊन तिने मुलाचे दोन कपडे पिशवीत भरले, शेजारणीला मोठ्या मुलीकडे बघायला सांगितलं, नवरा मासेमारीवर होता त्याच्यासाठी निरोप ठेवला. सव्वाचार वाजता होडी पाण्यात गेली. येताना वारा मागून होता. नेनिता पूर्ण वाटभर मुलाला कुशीत घेऊन पुढे तोंड करून बसली होती. फक्त एकदा, सेन्योंग पुन्हा कठड्यावर वाकला तेव्हा, तिने पिशवीतून आल्याचा तुकडा काढून त्याच्यापुढे धरला.

जेट्टीला पोचले तेव्हा दिवे लागले होते. जहाजाच्या शिडीपाशी नर्स पेर्ला यादी घेऊन उभी होती. "जोमार? बिनालुआन? मी तर खोडायला निघाले होते." तिने मुलाची हनुवटी वर करून ओठ पाहिला, कपाळाला हात लावला. "खोकला आहे का याला? बघू. वर चला." नेनिता शिडी चढून गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि सेन्योंगला ते बरोबरच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तो केंद्रावर गेला. अंगठ्याला पट्टी होती आणि जमीन अजून पायाखाली हलत होती. नोंग एफ्रेन हजेरीच्या वहीत काहीतरी लिहीत होता. सोलिंग टेबल पुसत होती. तपकिरी डागावर फडकं घासत होती, तो जाता जात नव्हता.

"मानांग, कॉफी नव्हती ती," सेन्योंग दारातच उभा राहून म्हणाला.

फडकं थांबलं.

"शनिवारी मी एक प्लग लावलाच नाही. वायरींबरोबर बांधून टाकला. सैल वगैरे काही झालं नव्हतं. तेव्हा प्लगचं मला ठाऊक नव्हतं, पण तुमचं नाव घेतलं तेव्हा ते खरं नाही हे मला ठाऊक होतं."

"हे कोणाला सांगतोयस?" सोलिंगने विचारलं.

"तुम्हाला."

"काल माझं नाव नोंगसमोर घेतलं होतंस."

सेन्योंग नोंग एफ्रेनकडे वळला आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. नोंग एफ्रेनने पेन खाली ठेवलं. "म्हणजे सकाळभर आपण सगळे..." एवढं बोलून तो थांबला, आणि मग सोलिंगकडे बघून म्हणाला, "मीही बोललो तुला. बोलायला नको होतं."

"नको होतं," ती म्हणाली. "दोघांनीही." तिने फडकं झटकलं. तिचा राग गेला नव्हता. तो पुढे चांगला आठवडाभर राहिला, आणि त्या आठवड्यात तिने सेन्योंगशी कामापुरतं सोडून एक शब्दही काढला नाही.

पण त्या वेळी ती खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसली. "त्या बिनालुआनच्या पोराचं काय झालं?"

"थोडा खोकला आहे. नर्स म्हणाली, आज नाही, उद्या करतील. राहू देतील जहाजावर."

"मग बापाला कळवायला हवं. तो मासेमारीवरून आला असेल, घरी बायको नाही, पोर नाही." तिने बोटं कळांवर ठेवली. "त्याचं नाव काय?"

"रोहेलियो."

"सांग, काय लिहू?"

सेन्योंग तिच्या मागे उभा राहून सांगू लागला, आणि ती लिहू लागली.